तू बस, मी करते

श्यामलाबाई आगाशे दमल्या होत्या. गुडघे धरतात, जिना चढताना धाप लागते, त्यातलं हे दमणं नव्हतं. त्याला डॉक्टर असतात, आणि वारज्यात तर हाकेच्या अंतरावर चार असतात. हे दमणं गप्प बसून बसून आलेलं होतं. उभा जन्म बाईंनी पेठेतल्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गापुढे बोलण्यात घालवला. मग वर्गातली मुलं कमी होत गेली, बाकं तेवढी उरली, शाळा बंद पडली आणि बाई घरी बसल्या. आधी कोण निवृत्त झालं, शाळा की तू, असं त्यांचे यजमान दिगंबरपंत अजूनही चारचौघांत विचारतात आणि स्वतःच हसतात. बाई तेवढ्यापुरत्या हसून आत निघून जातात.

घरात माणसांची वाण होती असं नाही. दिगंबरपंत होते, पण विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी शब्दांची काटकसर आरंभली होती. निम्म्या प्रश्नांना 'हं' आणि उरलेल्यांना 'बघू'. मुलगा आमोद आणि सून नम्रता दोघंही हिंजवडीला. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी पुन्हा तीच बस, आणि ज्या दिवशी बस नाही त्या दिवशी कानात हेडफोन घालून बंद दाराआड मीटिंग. नात अवनी दुसरीत होती. तिची आजीवर माया होती, पण आजीची गोष्ट जरा रंगात आली की ती म्हणायची, "आजी, इन शॉर्ट सांग ना." मग राजा, राणी आणि राक्षस तिघांनाही बाई दोन वाक्यांत उरकून टाकायच्या.

माहेरी असं नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर हीच बोलायची जागा होती. आई भाकरी थापायची, मावशी भाजी निवडायची, शेजारच्या यमुनाबाई काही काम नसताना दाराला टेकून उभ्या राहायच्या, आणि अख्ख्या पेठेची उणीदुणी तिथे निघायची. लहानगी श्यामला त्या बायकांच्या मध्ये बसून शेंगा सोलायची आणि कान टवकारून ऐकायची. बोलायला ती शाळेत शिकली नाही, तिथे शिकली. वारज्याच्या घरात स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस होतं, ग्रॅनाइटचा ओटा होता, चिमणी होती, खिडकीतून टेकडीचा तुकडा दिसायचा. फक्त त्या ओट्यापाशी दुसरं कुणी येत नव्हतं. दिवसभरात बाईंचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते कुकरशी, आणि तोही निदान शिट्टी तरी देतो, असं त्या एकदा नम्रताला म्हणाल्या होत्या. नम्रता हसली होती आणि लॅपटॉप घेऊन खोलीत गेली होती.

संक्रांत होऊन गेली होती. थंडी अजून होती, भाज्या स्वस्त झाल्या होत्या. मंडईत मटाराची पिशवी सावरत असताना मागून कुणीतरी 'बाई' अशी हाक मारली. ही हाक बाईंच्या कानावर पडून बरेच दिवस झाले होते. वळून बघतात तर अक्षता. चौथीत असताना पाढे म्हणायची वेळ आली की हिच्या पोटात दुखायचं. आता ती एका संस्थेत नोकरीला होती. अमेरिकेतून कॉलेजची मुलं काही महिने पुण्यात शिकायला येतात, त्यांची राहण्याजेवण्याची, शिकण्याची व्यवस्था ही संस्था बघते. प्रत्येक मुलाने एक शनिवार-रविवार मराठी कुटुंबात राहायचं, असा त्यांचा प्रघात होता. नोरा नावाची एक मुलगी होती, मराठी शिकत होती, मन लावून शिकत होती. पण राहायची हॉस्टेलवर, आपल्याच देशातल्या मुलींत. तिला बोलायला कुणी नव्हतं.

"बाई, अट एकच आहे," अक्षता म्हणाली. "तिच्याशी मराठीतच बोलायचं. आणि तुमच्यासारखं मराठी कोण बोलणार?"

बाईंनी घरी न विचारता हो म्हटलं. त्यांच्या आयुष्यात घरी न विचारता केलेल्या गोष्टी तशा थोड्याच. येणारे पाहुणे आजवर सगळे दिगंबरपंतांचे: त्यांचे चुलतभाऊ, त्यांचे साहेब, त्यांच्या साहेबांचे व्याही. ही पहिली पाहुणी बाईंची स्वतःची होती. दोन दिवस घरात एक माणूस असं असणार होतं, जे खास त्यांचं बोलणं ऐकायला येणार होतं. मंडईतून घरापर्यंतची चढण त्या दिवशी त्यांना जाणवलीच नाही.

दिगंबरपंतांनी बातमी ऐकून वर्तमानपत्र थोडं खाली केलं. "म्हणजे पुण्यात पुन्हा परकीयांची फौज," एवढं म्हणून त्यांनी ते परत वर केलं. आमोदने वायफायचा पासवर्ड सोपा करायला हवा म्हटलं. नम्रताने खोली आवरून द्यायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, तू कशाला, तू दमून येतेस, मी करते. आणि त्यांनी केलंही. पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं, गुळाच्या पोळ्यांसाठी चिक्कीचा गूळ आणून ठेवला. काम करता करता त्या मनात बोलायचं ठरवत होत्या. शाळेतल्या गमती सांगायच्या, आईच्या तोंडच्या म्हणी सांगायच्या, यमुनाबाईंची नक्कल करून दाखवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

नोरा शुक्रवारी संध्याकाळी आली. उंच, किडकिडीत, पाठीवर बॅग, अंगात हॉस्टेलच्या दोरीवर वाळलेला चुरगळलेला कुर्ता. दारातच हात जोडून, पाठ केलेलं एकेक वाक्य जपून ठेवत ती म्हणाली, "नमस्कार काकू. मी नोरा. तुम्ही मला घरी बोलावलं, मला खूप आनंद झाला." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथीतलं मूल पहिल्यांदा न अडखळता कविता म्हणतं तेव्हा यायचं, तसंच ते होतं. त्या काही बोलणार, इतक्यात दिगंबरपंत खुर्चीतून उठले, मफलर सारखा केला आणि म्हणाले, "वेलकम, वेलकम! हाऊ वॉज द ट्रॅफिक?"

झालं. मराठीत काटकसर करून साठवलेली सगळी पुंजी दिगंबरपंतांनी त्या संध्याकाळी इंग्रजीत उधळली. पानिपत झालं, मुठेचा पूर झाला, विमा क्षेत्राची पडझड झाली. नोरा मधूनमधून मराठीत उत्तर द्यायची, तर ते तिचं वाक्य इंग्रजीत करून तिला परत द्यायचे. बाईंनी स्वयंपाकघरातून दोनदा आठवण करून दिली की मराठीत बोलायचं ठरलंय. "अगं, तिला समजायला नको का?" दिगंबरपंत म्हणाले. आमोद आला, त्यानेही इंग्रजीच लावलं. त्याला दिवसभर सवयच होती. अवनीने शाळेतली इंग्रजी कविता म्हणून दाखवली. बाईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं. वाचलेलं समजायचं, बोलायला जीभ वळायची नाही. स्वतःच्याच पाहुणीच्या ताटात त्या मुकाट्याने वाढत राहिल्या.

जेवणाआधी नोरा आत आली होती. ओट्याशी उभी राहून तिने कोथिंबिरीच्या जुडीकडे, विळीकडे, फोडणीच्या डब्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "काकू, मी काय करू?"

आता सांगायला हवं की बाईंच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर फार जुनं होतं. लग्न होऊन बाई आगाशांकडे आल्या तेव्हा हातावरची मेंदी उतरायच्या आत सासूबाईंनी कणकेची परात पुढे सरकवली होती. शाळा सकाळची. त्यामुळे पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, शाळेत धावायचं, परत येऊन भांडी घासायची, आणि मध्ये कुणी पाहुणा आला तर त्याच्यासमोर सासूबाई म्हणायच्या, नोकरी करते ना, घरकामाचा कंटाळा आहे. एका उन्हाळ्यात अंगात ताप असताना पापड लाटता लाटता बाईंनी मनाशी ठरवलं: माझ्या घरी कुणी आलं की मी म्हणेन, तू बस. ते त्यांनी पाळलं. त्यांच्या घरी येऊन आजवर एकाही पाहुण्याने स्वतःचं ताट उचललेलं नाही. कुणी उचलायला गेलंच, तर बाई ते हातातून काढून घेतात, अगदी ओढाताण करून.

"छे गं, तू पाहुणी," त्या नोराला म्हणाल्या. "तू बस बाहेर, मी करते." इतक्या मायेने म्हणाल्या की नोराने मान डोलावली. ती बाहेर पानिपतावर गेली.

शनिवारी दिगंबरपंतांनी तिला पुणं दाखवायला नेलं. बाईंनाही जायचं होतं, पण मंडळी परत येणार ती भुकेली येणार, तेव्हा गरम जेवण हवं, म्हणून त्या थांबल्या. शनिवारवाडा, मग बुधवार पेठेत दगडूशेठचं दर्शन, मग पुस्तकांच्या दुकानांतून चक्कर, असा बेत होता. नंतर अवनीने सांगितलं त्यावरून समजलं ते असं, की देवळाबाहेर नोराने फुलवालीला मराठीत भाव विचारला होता. फुलवाली खूश होऊन काही सांगायला लागली, तोच आजोबांनी मध्ये पडून घासाघीस करून हार घेतला आणि दीदीच्या हातात दिला. "दीदीला ना, स्वतः घ्यायचा होता," अवनी म्हणाली. बाई पोळीवर तूप सोडत होत्या. त्यांचा हात थोडा थांबला, मग त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली.

दुपारी घर झोपलं. पुण्यात दुपारच्या झोपेच्या आड देवसुद्धा येत नाही. नोराला मात्र ती सवय नव्हती. बाई स्वयंपाकघरातच चटईवर आडव्या झाल्या होत्या, तर ती दबकत आली आणि भिंतीला टेकून त्यांच्याजवळ खाली बसली. आणि बाईंनी काय करावं? धडपडून उठल्या, पदर सारखा केला, ओट्यावरची खरकटी भांडी बघून ओशाळल्या. "अगं, खाली काय बसलीस, गार आहे फरशी! झोप नाही आली? टीव्ही लावून देऊ का?" आणि तिला हाताला धरून त्यांनी सोफ्यावर नेऊन बसवलं, पंखा नको होता तरी लावला, रिमोट हातात दिला. परत येऊन चटईवर पडल्यावर त्यांच्या मनात आलं की आत्ता कुणी जागं नाहीये, आत्ता बोलता आलं असतं. पण आता तिने टीव्ही लावला असेल, तिला कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाहेर टीव्ही लागलाच नव्हता.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे उत्तरेश्वर शिंदे आले. मूळचे बार्शीकडचे, कारखान्यात सुपरवायझर, मनाने सरळ. त्यांचा शुभंकर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला अमेरिकेला जायचं होतं. घरच्या घरात अमेरिका आली आहे म्हटल्यावर त्यांनी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून आणला होता. शुभंकरने व्हिसा विचारला, शिष्यवृत्ती विचारली, कुठल्या गावात थंडी कमी असते ते विचारलं. नोराला यातलं निम्मं माहीत नव्हतं आणि ती तसं सांगत होती. शुभंकरला वाटत होतं ती लपवतेय. ते गेले, तोवर आमोदने ठरवून टाकलं होतं की हिला आपल्या जेवणाचा कंटाळा आला असेल, पिझ्झा खायला नेऊ. नोरा म्हणाली, नाही, मला काकूंचं जेवण आवडतं. सगळ्यांना ती सभ्यता वाटली. पुणेकराला एक गोष्ट पक्की माहीत असते: पाहुणा 'नको' म्हणतो ते खरं नसतं. कारण आपण स्वतः पाहुणे असताना ते कधीच खरं नसतं. बाई घरी राहिल्या, आणि केलेली आमटी थंड करून फ्रीजमध्ये ठेवली.

रविवारी गुळाच्या पोळ्या होत्या. बाईंना वाटलं, आज तरी. गूळ किसून, तीळ भाजून कुटून, खसखस घालून सारण तयार होतं. नोरा हात धुऊन, केस बांधून आली आणि न विचारता तिने लाटणं उचललं. आता गुळाची पोळी म्हणजे नाजूक काम. कड फुटली की गूळ तव्याला लागतो, तवा घासेपर्यंत पुढची पोळी करता येत नाही, आणि सहा माणसांचा स्वयंपाक पडलेला. शिंद्यांकडेही पाठवायच्या होत्या. बाईंनी तिच्या हातातून लाटणं अलगद काढून घेतलं. "हात भाजेल तुझा. तू बस, मी करते." या वेळी नोराने त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. ती बाहेर गेली आणि जेवायला हाक मारेपर्यंत तिच्या खोलीचं दार लोटलेलं राहिलं.

जेवताना तिला आग्रह करकरून वाढलं. तिने एक पोळी खाल्ली.

दुपारची झाकपाक चालली होती, तेव्हा अक्षताचा फोन आला. तिचा आवाज जरा चाचरत होता. बाई, नोराला बरं नाहीये का? संध्याकाळी गाडी पाठवायची ठरली होती, पण ती आत्ताच येते म्हणतेय. काही झालं का? काही नाही झालं, असं बाई म्हणाल्या. खरंच काही झालं नव्हतं. दोन दिवसांत त्या घरात काहीही झालं नव्हतं.

बाईंनी हात पुसले आणि त्या खोलीत गेल्या. नोरा पलंगाच्या कडेला बसली होती, बॅग भरून पायाशी. चादर तिने घडी करून ठेवली होती.

"जातेस होय लवकर?" बाईंनी विचारलं. "काही चुकलं का आमचं?"

नोराने मान हलवली. मग ती शब्द शोधायला लागली, आणि बाई थांबल्या. मूल शब्द शोधत असताना थांबायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. या दोन दिवसांत तेवढंच त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"काकू, मला वाटलं, तुम्हाला मी आवडत नाही," ती म्हणाली. "बाहेर सगळे इंग्रजी बोलतात. म्हणून मी आत येते. मी आत येते, आणि तुम्ही मला बाहेर पाठवता. पुन्हा येते, पुन्हा पाठवता."

"अगं, पाहुणीला का कामाला लावायचं? तुला त्रास नको म्हणून..." बाई म्हणाल्या. "मी तर तुझ्याशी बोलायलाच तुला बोलावलं होतं गं."

"मग बाहेर का पाठवलं?"

उभ्या जन्मात बाईंना मुलांनी हजार प्रश्न विचारले असतील. चंद्र दिवसा कुठे जातो, शून्याला शून्याने भागलं तर काय, देव कुठल्या जातीचा. त्या कधी निरुत्तर झाल्या नाहीत. आज मात्र त्या पलंगावर तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं यापलीकडे त्याला नाव नव्हतं.

गाडी यायला थोडा वेळ होता. बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीजमधून मेथीची मोठी जुडी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, ते दिगंबरपंतांनी अजून वाचलेलं नव्हतं, आणि हाक मारली, "नोरा, ये गं. भाजी निवडायची आहे."

ती आली. मांडी घालून बसली. बाईंनी दाखवलं: पानं खुडायची, कोवळं देठ चालतं, जाड देठ टाकायचं. नोराची बोटं लांब होती आणि घाई करायची. देठं पानांत जायची, पानं देठांत. बाईंनी दोन्ही हात आवरून धरले. आणि मग ती मुलगी बोलायला लागली. तिची आजी एका मोठ्या तळ्याच्या काठी राहते. उन्हाळ्यात घराबाहेरच्या पायऱ्यांवर बसून त्या दोघी शेंगा मोडायच्या. सगळं बोलणं तिथे व्हायचं. आईचा राग, शाळा, पहिला मित्र, सगळं. मराठी शिकायला घेतलं तेव्हा तिला वाटायचं, अशीच एक जागा पुण्यात मिळेल. क्रियापदं चुकत होती, बाई दुरुस्त करत नव्हत्या. बाईंनी तिला यमुनाबाईंची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून. नोरा खळखळून हसली. त्या घरात तिचं हसू पहिल्यांदाच ऐकू आलं.

मग तिने सहज विचारलं, "नम्रताताई इथे येत नाही?"

"तिला कामं असतात गं."

बोलता बोलता बाईंना नम्रता आठवली. आत्ताची नाही, लग्न होऊन नुकती आलेली. अकोल्याची पोर, पुण्यात कुणी ओळखीचं नाही. बसमधून उतरून पर्स न ठेवताच स्वयंपाकघराच्या दारात यायची. आई, मी पोळ्या करू? आई, भाजी चिरून देऊ? आई, आमच्याकडे वांग्याची भाजी करतात ती करून दाखवू? आणि आई म्हणायच्या, तू बस गं, दमून आलीस, मी करते. सासूबाईंनी आपलं केलं ते हिचं होऊ नये म्हणून म्हणायच्या, जीव तोडून म्हणायच्या. काही महिन्यांनी नम्रताने विचारणं बंद केलं. बाईंनी तेव्हा शेजारणीला अभिमानाने सांगितलं होतं की माझ्या सुनेला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. ज्या ओट्यापाशी कुणी येत नाही म्हणून बाई इतकी वर्षं कुढत होत्या, तिथून एकेकाला हाताला धरून त्यांनीच बाहेर नेऊन बसवलं होतं.

खाली हॉर्न वाजला. जुडी अर्धीच झाली होती. नोरा हात झटकत उठली, आणि आता दिगंबरपंत, आमोद, अवनी सगळेच गोळा झाले, सेल्फी झाले, पुन्हा या झालं. महिनाअखेरीला ती आपल्या देशी परत जाणार होती, त्याआधी तिची परीक्षा होती. पुन्हा येणं काही होणार नाही, हे बाईंना कळत होतं. दारात नोराने वाकून त्यांना नमस्कार केला. तिच्या बोटांना मेथीचा हिरवा डाग होता. "आता मला कळलं, काकू, तुम्हाला मी नको नव्हते," ती म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लिफ्टचं दार लागलं.

सोमवारी सकाळी बाईंनी नोराने निवडलेल्या मेथीची भाजी केली. पुन्हा निवडली नाही, तशीच धुऊन चिरली. दिगंबरपंतांनी दुसऱ्या घासाला दातांत अडकलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

"भाजीत देठं आहेत."

"आहेत," बाई म्हणाल्या. "चावून खा."

संध्याकाळी उरलेली अर्धी जुडी घेऊन त्या पुन्हा जमिनीवर बसल्या. नम्रता आली. जिन्यापासूनच फोनवर कुणाशी तरी ट्रॅफिकबद्दल बोलत आली होती, चेहरा उतरलेला, डोळे ओढलेले. सवयीने स्वयंपाकघरावरून सरळ खोलीकडे निघाली.

"नम्रता," बाईंनी हाक मारली. स्वतःचा आवाज त्यांना जरा परका वाटला. "मेथी निवडायला येतेस?"

नम्रता थबकली. आपल्यालाच विचारलंय ना, याची खात्री केल्यासारखं तिने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. "मी? आई, आत्ता माझा कॉल आहे. अर्ध्या तासाने... चालेल?"

'असू दे गं, तू बस, मी करते,' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआपच आले. बाईंनी ते गिळले.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

नम्रता खोलीत गेली, दार लागलं, आतून इंग्रजी बोलण्याचा आवाज सुरू झाला. बाईंचे गुडघे दुखत होते, पण त्या उठल्या नाहीत. जुडी समोर तशीच ठेवून, तिच्या एका पानालाही हात न लावता, भिंतीला टेकून बसून राहिल्या.